घरातल्या मुक्या जिवाचे शेवटचे दिवस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दवाखान्यात आले. वय चौऱ्याहत्तर. रक्तदाबाची गोळी ते गेली अकरा वर्षे घड्याळ लावून घेतात. नेहमी १३०/८० असणारा त्यांचा रक्तदाब त्या दिवशी १७०/१०० भरला. मी नेहमीचे प्रश्न विचारले. पापड-लोणचे वाढले का? गोळी चुकली का? कुठे लग्नकार्याला जाऊन आलात का? सगळ्याला उत्तर ‘नाही’. झोप मात्र नव्हती. मी म्हटले, “गुरुजी, झोप का नाही?” तेव्हा ते खाली बघून म्हणाले, “अहो डॉक्टर, आमचा मोती काही खात नाही. आज नववा दिवस.”

मोती म्हणजे गुरुजींचा तेरा वर्षांचा गावठी कुत्रा. शाळेच्या व्हरांड्यात सापडलेले पिल्लू त्यांनी पिशवीत घालून घरी आणले होते. गुरुजी निवृत्त झाले, मुलगा पुण्याला गेला, मुलगी लग्न होऊन गेली. घरात उरले गुरुजी, बाई आणि मोती. रात्री मोती उठला की गुरुजी उठत. मग त्यांच्या रक्तदाबाला नुसती गोळी वाढवून काय होणार होते?

वाचक म्हणतील, माणसांच्या डॉक्टरांनी आज गुरांच्या डॉक्टरांचा विषय का काढला? कारण घरातले जनावर आजारी पडले की लोक आधी माझ्याकडे येतात. “डॉक्टर, मांजर कण्हतंय, एखादी गोळी सांगा ना.” “कुत्र्याला ताप आहे, तुमच्याकडचं क्रोसिन चालेल का?” आणि शेवटचा, आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न: “तुम्हीच एक इंजेक्शन देऊन टाका ना, सुटेल बिचारा.” तिन्हींना माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. ते का, हे सांगायचे तर आधी माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी.

साल १९९८. प्रॅक्टिस सुरू करून मला दोनच वर्षे झाली होती. आमच्या आईने एक पॉमेरियन कुत्री पाळली होती. नाव चिंगी. त्या काळात गावोगावच्या बैठ्या घरांतून पॉमेरियनच दिसत. चिंगी अकरा वर्षांची झाली आणि मागच्या पायांनी लंगडू लागली. पायरी चढेना. मी डॉक्टर, घरात औषधांचे कपाट. संधिवाताच्या पेशंटला देतो तीच आयबुप्रोफेनची चारशेची गोळी अर्धी करून मी तिला दिवसातून दोनदा सुरू केली. वजन पाच किलो, म्हणून अर्धी. केवढा विचार केला असे तेव्हा मला वाटले होते! पहिल्या दिवशी ती थोडी चालली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी डांबरासारखी काळी शी झाली. माणसाला अशी शी झाली की पोटात रक्तस्राव आहे हे मी एका नजरेत ओळखले असते. कुत्रीच्या बाबतीत माझे डोकेच चालले नाही. गुरांच्या डॉक्टरांकडे नेले तोवर उशीर झाला होता. तिच्या जठराला व्रण पडले होते आणि मूत्रपिंडेही गेली होती. सातव्या दिवशी ती गेली. पशुवैद्य वयाने मोठे होते. मला वाईट वाटेल असे ते काही बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, “डॉक्टर, माणसाचं औषध जनावराला लहान करून देता येत नाही.”

हे वाक्य समजून घेण्यासारखे आहे. लहान मुलाला आपण वजन पाहून औषध कमी करतो, पण जनावराचे तसे नसते. त्याचे यकृत औषध वेगळ्या रीतीने पचवते. पॅरासिटामॉलचेच घ्या. आपल्या यकृतात ते ज्या वाटेने निकामी होऊन बाहेर जाते, ती वाट मांजराच्या शरीरात जवळजवळ बंद असते. त्यामुळे औषधाचे विष होते आणि रक्तातला लाल रंगद्रव्याचा भाग प्राणवायू वाहून नेईनासा होतो. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, मांजर धापा टाकते. पाचशेची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मेलॉक्सिकाम नावाचे दुखण्यावरचे औषध माणसांत आणि जनावरांत दोन्हीकडे वापरतात. आता हिशेब पाहा. पशुवैद्य कुत्र्याला रोजची मात्रा देतात ती वजनाच्या दर किलोला मिलिग्रॅमचा दहावा भाग, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळणारी गोळी असते साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची. त्यातून मूत्रपिंडे आधीच बिघडलेली असतील तर हे औषध पशुवैद्यही सहसा टाळतात.

तापाचीही अशीच फसगत होते. निरोगी कुत्र्याचे तापमानच मुळी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि मांजराचेही जवळपास तेवढेच. आपल्या हाताला ते गरम लागणारच. घरात थर्मामीटर लावून “एकशे दोन आहे हो!” म्हणून घाबरून गोळी देणारे मी पाहिले आहेत. ताप नव्हताच, आणि गोळीने मात्र खरे आजारपण आणले.

खाण्यातल्या चुकाही इथेच सांगून टाकतो. कांदा (भजी, रस्सा, पोहे, काहीही) कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडवू शकतात. तेव्हा प्रसादाचा शिरा देताना बेदाणे वेचून काढावेत. चॉकलेट तर देऊच नये.

म्हातारपण आणि आजार यांत गल्लत नको

गुरुजींना मी म्हटले, “मोतीला काय झालंय?” ते म्हणाले, “काय होणार, वय झालं.” हे उत्तर माणसांच्या बाबतीतही मला रोज ऐकायला मिळते, आणि निम्म्या वेळा ते चूक निघते. वय हा काही रोग नव्हे.

पशुवैद्य मित्रांशी बोलताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ‘आता याचे काही खरे नाही’ म्हणून आणलेल्या जनावरांपैकी कितीतरी बरी होण्याजोगी असतात. गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याला इतका खंगवतो की ते मरणाला टेकल्यासारखे दिसते. रक्त तपासून वेळेत औषध दिले तर ते पुन्हा दारात भुंकू लागते. म्हातारी कुत्री एकाएकी खूप पाणी पिऊ लागली, पोट फुगले, खाणे सुटले, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ऑपरेशन केले तर ती वाचते, नाही केले तर जाते. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ आली की लोक ‘कॅन्सर’ म्हणून हात टेकतात. तो कॅन्सरच असतो, पण एका कुत्र्यापासून दुसऱ्याला लागणारा, आणि व्हिनक्रिस्टीन नावाच्या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने दिली की बहुतेक वेळा पूर्ण बरा होणारा. जखमेत अळ्या पडल्या म्हणजेही सगळे संपले असे नव्हे. दिसायला भयंकर, पण साफ करून नीट भरून येणाऱ्या अशा जखमा असतात. तेव्हा पहिला नियम हाच: काय झाले आहे हे कळल्याशिवाय शेवटाची भाषा करू नये.

आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फक्त गाई-म्हशी बघतात असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. अवघड केस असेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. परळचे महाविद्यालय तर १८८६ सालचे आहे. जनावराला हलवता येत नसेल तर १९६२ हा टोल-फ्री नंबर फिरवून विचारावे.

एक इशारा मात्र ठळक अक्षरात वाचावा. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, वागणे बदललेय, असे दिसले की घरातला कुणीतरी ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून तोंडात हात घालतो. हा रेबीज असू शकतो. शांत बसून राहणाऱ्या प्रकारचा रेबीज असाच दिसतो. हात घालू नका, जवळ जाऊ नका, पशुवैद्याला बोलवा. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची असले काही जखमेला लावू नका. लक्षणे दिसू लागल्यावर त्या कुत्र्याला वाचवता येत नाही आणि माणसालाही नाही.

मोतीचे काय झाले

पशुवैद्यांनी मोतीचे रक्त तपासले. मूत्रपिंडे निकामी होत आली होती. गुरुजींना आता आठवले, की गेले चार-पाच महिने तो फार पाणी पीत होता, रात्री लघवीला बाहेर सोडावे लागत होते, तोंडाला वास येत होता, वजन उतरत होते. मूत्रपिंडाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग गेल्याशिवाय हे दिसतच नाही. माणसाचेही असेच असते. पण माणसाला डायलिसिस आहे. जिल्ह्याच्या गावात कुत्र्याला कुठून आणणार?

तेव्हा बरे करण्याचा प्रश्न मिटला. पण उपचार संपले नाहीत, आणि हा भाग पुष्कळांना समजत नाही. ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य मी स्वतः माणसांच्या बाबतीत बोलणे कधीच सोडून दिले आहे. उलटी थांबवणे, दुखणे कमी करणे, अंग कोरडे ठेवणे, मायेने हात फिरवणे, हे सगळे करण्यासारखेच आहे. अलीकडे शहरांतून याला मोठमोठी नावे देतात. आमच्या आजीने म्हाताऱ्या बैलासाठी हेच केले होते, नाव न देता.

पशुवैद्यांनी मोतीला उलटी थांबवणारे आणि आम्ल कमी करणारे औषध दिले. खाण्यात मटण-अंडी कमी करून भात, थोडे तूप असे बदल सांगितले. आणि गुरुजींना कातडीखाली सलाईन द्यायला शिकवले. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, सुई तिरकी घालायची, बाटली खिळ्याला टांगायची. उंटाच्या मदारीसारखा फुगा येतो आणि काही तासांत जिरतो. चाळीस वर्षे खडू धरलेला हात पहिल्या दिवशी थरथरत होता. चौथ्या दिवशी बाई मोतीचे डोके मांडीवर घेऊन बसत आणि गुरुजी मन लावून सलाईन देत. मोतीने पेज प्यायला सुरुवात केली. अंगणात जाऊन उन्हाला बसला. गुरुजींचा रक्तदाब १४० वर आला, आणि तोही मी एकही गोळी न वाढवता!

त्यांच्या घरी जाऊन मी जे पाहिले, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून पोती अंथरली होती. झोपायला जाड गोधडी आणि तिच्यावर रोज बदलायचे जुने लुगडे. एका कुशीवर पडून राहणाऱ्या जनावराला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माणसासारखेच पाठीला-खुब्याला व्रण पडतात. लघवीने ओले झालेले अंग कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे. माश्या बसल्या की अळ्या पडायला एक दिवस पुरतो, म्हणून मच्छरदाणी लावावी. पाण्याचे भांडे थोडे उंचावर ठेवले तर मान वाकवावी लागत नाही. मात्र गिळत नसलेल्या जनावराच्या तोंडात बाटलीने दूध किंवा पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जाते आणि मायेपोटी आपणच त्याला न्यूमोनिया करून बसतो. ओल्या कापसाने ओठ ओले करावेत, तेवढे पुरे.

जडीबुटी, तेले, होमिओपॅथी, अंगारा यांबद्दलही लोक विचारतात. माझे मत सरळ आहे. आखडलेल्या पायांना हलक्या हाताने चोळणे, शेक देणे, सांधे हळूहळू हलवणे यांनी खरोखर आराम पडतो. देवघरातला अंगारा कपाळाला लावलात तर मोतीचे काही बिघडत नाही. पण त्या भरवशावर दुखण्याचे औषध थांबवणे हा जनावराचा छळ आहे. आणि ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ असे कुणी म्हटले तर त्याला आमच्या कोकणातल्या काजऱ्याचे झाड दाखवावे. ते पुरते नैसर्गिक आहे, आणि त्याच्या बियांत स्ट्रिकनीन असते. त्याच्याकडे पुढे पुन्हा येतो.

जनावराला दुखतेय हे ओळखायचे कसे? ते ओरडत नाही, उलट दुखणे लपवते. मांजर पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसते, अंग चाटणे सोडते. कुत्रा रात्री उगाच धापा टाकतो, जागा बदलत राहतो, एकच सांधा चाटत राहतो, हात लावू गेले की तोंड फिरवतो. ‘शांत पडून असतो हो’ असे घरचे सांगतात, पण ही शांतता नेहमी सुखाची असतेच असे नाही.

कधी थांबायचे

सात आठवड्यांनी मोती पुन्हा खाईना. सलाईन जिरेनाशी झाली. पाय सुजले, तोंडात व्रण आले. पुण्याहून मुलाचा फोन यायचा, “बाबा, किती हाल करताय त्याचे, इंजेक्शन द्या.” बाई म्हणायच्या, “पोटच्यासारखं वाढवलं, आणि आता आपणच मारायचं? पाप आहे ते.” दोघेही प्रेमानेच बोलत होते. गुरुजी मध्ये सापडले आणि रक्तदाब पुन्हा चढला.

अशा वेळी मनाला विचारून उत्तर मिळत नाही. मन रोज बदलते. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली यासाठी एक साधा हिशेब सुचवला आहे. सात गोष्टी पाहायच्या: दुखणे आणि श्वास आटोक्यात आहे का, खाणे, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद (तुम्ही आलात की त्याला कळते का, शेपटी हलते का), हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यात अर्थ आहे. गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा ते जरा हसले. “म्हणजे पस्तीस टक्क्यांनाच पास की!” मी म्हटले, “नाही गुरुजी, सत्तरपैकी पस्तीस. पन्नास टक्के लागतात.” त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलीने आकडा लिहायला सुरुवात केली. २८, ३०, २२, १९. पाचव्या दिवशी बाईंनीच ते पान वाचले आणि म्हणाल्या, “बोलवा त्यांना.”

पापाच्या प्रश्नावर मी धर्मशास्त्री नाही. पण एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य आजाराने तडफडत होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमातल्यांशी चर्चा केली आणि स्वतः हजर राहून डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्या वासराची सुटका केली. अहिंसेचा पुजारी गोवंशाची हत्या करतो म्हणून त्यांच्यावर रागावलेल्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांनी लेख लिहून उत्तर दिले. शल्यवैद्य रोग्याच्या भल्यासाठी शस्त्र चालवतो ती हिंसा नव्हे, त्याच न्यायाने हेही नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सगळ्यांना पटला नाही, आजही पटणार नाही. ज्यांच्या मनाला हे करवत नाही त्यांना माझा विरोध नाही. मग मात्र शेवटच्या श्वासापर्यंत दुखण्याचे औषध, शुश्रूषा आणि रात्रीची जागरणे ही जबाबदारी पूर्ण उचलायला हवी. दयामरण नको म्हणायचे आणि कुत्र्याला गोठ्यामागे बांधून ‘जाईल आपोआप’ म्हणत राहायचे, हे मला पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे म्हातारे कुत्रे रात्री मासळीबाजारात सोडून येणे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

हा कायदा दयामरणाच्या आड येत नाही. जगवणे हीच क्रूरता ठरेल अशा जनावराला मरण देण्याचा विचार त्याच्या १३ व्या कलमात केलेला आहे. पण पद्धतीबद्दल तो कडक आहे. पूर्वी अनेक गावांत मोकाट कुत्र्यांना स्ट्रिकनीन घालत. कुत्रे शुद्धीवर असताना त्याचे सगळे स्नायू लाकडासारखे आखडत आणि श्वास कोंडून ते मरे. माझ्या पिढीने आणि गुरुजींच्या पिढीने हे रस्त्यावर पाहिले आहे. ‘इंजेक्शन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तेच येते. त्या पद्धतीला कायद्याने आता गुन्हा ठरवले आहे. आणि हे काम नोंदणीकृत पशुवैद्याचेच आहे. माझ्यासारख्या एमबीबीएसचे नव्हे आणि औषधाच्या दुकानदाराचे तर मुळीच नव्हे. (माणसांच्या बाबतीत असे इंजेक्शन आपल्या देशात कुणालाच देता येत नाही. २०११ आणि २०१८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी मोकळीक दिली आहे ती उपचार थांबवण्याची, तीही अटींवर. वाचक विचारतात, म्हणून इथेच सांगितले.)

नीट केलेले दयामरण कसे असते? आधी गुंगीचे इंजेक्शन देतात. पाच-दहा मिनिटांत जनावर मान टाकून झोपते. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून भुलीचे औषध जास्त मात्रेत देतात. काही क्षणांत शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. पशुवैद्य स्टेथॉस्कोप लावून खात्री करतात. डोळे उघडेच राहतात, कधी लघवी होते, कधी नंतर एखादा मोठा श्वास घेतल्यासारखा वाटतो. तो स्नायूंचा झटका असतो, जीव परत आलेला नसतो. हे आधी माहीत नसेल तर घरचे लोक घाबरतात. आणखी एक विचारून घ्यावे. आधी पूर्ण भूल देणार ना? शुद्धीवर असलेल्या जनावराला हृदय थांबवणारे क्षार टोचणे म्हणजे सुटका नव्हे.

मोतीच्या वेळी मी तिथे होतो, डॉक्टर म्हणून नव्हे. पशुवैद्य घरीच आले. बाईंनी डोके मांडीवर घेतले, सलाईनच्या वेळी घेत तसेच. गुरुजी कानामागे खाजवत राहिले. मालकाने बाहेर उभे राहावे असे काहींना वाटते. मला वाटते, जमत असेल तर जवळ बसावे. त्याला ओळखीचा वास आणि आवाज हवा असतो.

नंतरचेही थोडे सांगतो. खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, चार फूट तरी खोल खणावा. भुलीच्या औषधाने मेलेले शरीर उघड्यावर टाकू नये. ते खाणारी कुत्री, कावळे, घारीही मरू शकतात. औषध जनावराच्या शरीरातून पुढे कुठे जाते हे आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिलेच आहे. डायक्लोफिनॅक दिलेली गुरे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली.

घरात लहान मुले असतील तर त्यांना ‘झोपवला’ असे सांगू नका. माझ्याकडे एक सहा वर्षांची मुलगी आणली होती. तीन आठवडे रात्री झोपायलाच तयार नव्हती. विचारल्यावर म्हणाली, “मांजरीला डॉक्टरनी झोपवलं आणि ती उठलीच नाही.” ‘फार आजारी होती, बरी होणार नव्हती, म्हणून मेली’ हे मुलांना समजते. मोठ्यांच्या दुःखालाही ‘एवढं काय, कुत्रंच तर होतं’ म्हणू नये. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची भूक, झोप आणि रक्तदाब महिना-दोन महिने बिघडलेले मी पाहिले आहेत. त्याहून लांबले, वजन उतरू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.

गुरुजी पंधरा दिवसांनी आले. रक्तदाब १५०. मी गोळी वाढवली नाही, पहाटे फिरायला जायला सांगितले. ते म्हणाले, “जातो हो. मोतीचाच रस्ता आहे तो, पाय आपोआप वळतात.” उरलेल्या सहा सलाईनच्या बाटल्या त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दिल्या. परवा खालच्या आळीतल्या एका बाईंच्या मांजराला तीच व्याधी झाली, तेव्हा कातडीखाली सुई कशी घालायची ते दाखवायला पशुवैद्यांनी गुरुजींनाच बोलावून घेतले.